नरक्याचं झाड आणि नंदुरबारचे वाणी

नरक्या हे नाव काही कुणी लाडाने ठेवलेलं नाही. ऐन पावसाळ्यात याला पांढुरक्या फुलांचे गुच्छ येतात, आणि त्या फुलांचा वास असा की झाडाखाली उभं राहून कुणी कौतुक करावं अशी सोयच नाही. पान चुरगळलं तरी हाताला तोच वास. घाटमाथ्यावर काही ठिकाणी याला घाणेरा म्हणतात (रस्त्याकडेची टणटणी, जिला घाणेरी म्हणतात, ती वेगळी, दोघींची गल्लत नको). कानडीत दुर्वासनेमर. आणि गंमत म्हणजे याच झाडाचं आणखी एक मराठी नाव आहे, अमृता! एकाच झाडाला नरक आणि अमृत दोन्ही चिकटवायला आपल्या लोकांना काही वाटलं नाही.

हे झाड सह्याद्रीच्या सदाहरित जंगलाचं. उंच झाडांच्या सावलीत, ओल्या पालापाचोळ्यात वाढणारं झुडूप; फार झालं तर दोन माणसं-तीन माणसं उंचीचं. महाराष्ट्रापासून केरळपर्यंतचा घाट, श्रीलंका, आणि तिकडे ईशान्येकडे आसाम-ब्रह्मदेशापर्यंत याचा पसारा. आमच्या कळसाडीचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. शहादा तालुक्यातलं हे गाव, काळी जमीन, ऊस, केळी, पपई, कापूस. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. वर सातपुड्यात तोरणमाळला हवा थंड आहे, पण तिथलं रानही पानझडीचं. असं असताना माझ्या परसात गेली काही वर्षं नरक्याची तीन झाडं उभी आहेत. ती का आहेत हे सांगायचं तर जरा लांबून यावं लागेल. थेट १८३९ पासून.

त्या वर्षी मुंबईत जॉन ग्रॅहम नावाच्या माणसाचं एक पुस्तक छापून झालं. ग्रॅहम हा पोस्टखात्यातला अधिकारी, मुंबई इलाख्याचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. टपालाचं काम सांभाळून झाडं गोळा करायचा. मुंबई आणि आसपासच्या झाडांची यादी करायची असं त्याने मनावर घेतलं होतं. पण पुस्तक पुरं व्हायच्या आधीच, १८३९ च्या मे महिन्यात, तो खंडाळ्याला वारला. राहिलेलं काम जोसेफ निम्मो या त्याच्या जाणकार मित्राने पूर्ण केलं. आज कुणाला ही दोन्ही नावं माहीत नसतात, पण या यादीत ग्रॅहमने एका झुडपाला निम्मोचं नाव दिलं होतं. त्याने ते झुडूप 'प्रेम्ना' या भलत्याच वंशात घातलं, म्हणून ती नोंद बराच काळ मागे पडली. मद्रासकडे काम करणाऱ्या रॉबर्ट वाइटने याच झाडाचं वेगळं वर्णन केलं आणि नावातच 'फीटिडस' घातलं, म्हणजे लॅटिनमध्ये दुर्गंधी. मग पुढची शंभरेक वर्षं कधी 'मॅपिया फीटिडा', कधी 'नोथापोडायटिस फीटिडा' अशी नावं बदलत गेली. वनस्पतिशास्त्रात जुन्या नावाचा मान पहिला, त्यामुळे शेवटी निम्मो परत आला. आज शास्त्रीय नाव 'नोथापोडायटिस निम्मोनियाना'. मला हे फार आवडतं. मेलेल्या मित्राचं पुस्तक पुरं करणाऱ्याच्या नावावर एक झाड आहे. आता ते घाण वासाचं निघालं, त्याला कोण काय करणार.

सव्वाशे वर्षं या झाडाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. लाकूड कामाचं नाही, फळ खाण्याचं नाही, देवाला वाहावं असं फूल नाही. गुरंही फारशी तोंड लावत नसावीत. रानात अशी झाडं सुखी असतात.

आता जरा नंदुरबारकडे वळू.

२० फेब्रुवारी १९२५ ला नंदुरबारमध्ये मनसुख वाणी यांचा जन्म झाला. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता (तो १९९८ मध्ये झाला), धुळ्याला मुख्य ठाणं असलेल्या पश्चिम खानदेशातलं ते एक व्यापारी गाव होतं. गुजरातच्या सरहद्दीवरचं, सुरतेकडून येणाऱ्या रेल्वेवरचं. घराघरात गुजराती आणि मराठी दोन्ही कानावर पडणार असं. त्या गावाची त्या पिढीतली मुलं म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं, शिरीषकुमार. ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीवर गोळीबार झाला, त्यात शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा ही मुलं गेली. शिरीषकुमारचा जन्म डिसेंबर १९२६ चा. म्हणजे मनसुख वाणींपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान. यादीतलं धनसुखलाल वाणी हे नाव वाचताना मला उगीचच मनसुख आठवतो. मी नातं जोडत नाही. एका गावची, एका वयाची मुलं होती एवढंच. एकाचा पुतळा आहे, तो असायलाच हवा. दुसऱ्याचं नाव आमच्या जिल्ह्यात दहा जणांना विचारलं तर एकालाही सांगता येत नाही. मी विचारून पाहिलंय.

मनसुख वाणी मुंबईला गेले. मुंबई विद्यापीठातून १९४७ ला रसायनशास्त्रात बी.एस्सी., १९५० ला एम.एस्सी. मग काही वर्षं मुंबईच्या भवन्स कॉलेजात शिकवलं. नोकरी सोडून पस्तिशीला टेकलेला माणूस अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. करायला जातो, आणि १९६२ मध्ये ती मिळवतो. त्याच वर्षी ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत रुजू झाले आणि उरलेलं सगळं आयुष्य तिथेच राहिले. तिथे त्यांची गाठ मन्रो वॉल यांच्याशी पडली.

या वॉलसाहेबांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५० च्या दशकात ते अमेरिकन शेतीखात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत होते. काम काय, तर कॉर्टिझोन बनवायला लागणारी द्रव्यं कोणत्या झाडांत सापडतील ते हुडकायचं. त्यासाठी हजारो झाडांचे अर्क तयार केलेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले जोनाथन हार्टवेल १९५७ ला त्यांना भेटले आणि म्हणाले, यातले काही आम्हाला द्या, कॅन्सरवर तपासून बघतो. वॉलनी हजारभर अर्क दिले. त्यातला एकच जोरात निघाला. तो होता 'कॅम्पटोथेका' नावाच्या एका चिनी झाडाचा. चिनी लोक त्याला आनंदाचं झाड म्हणतात. उंदरांवरच्या चाचण्यांत तो अर्क विलक्षण काम करत होता. पण शेतीखात्याला कॅन्सरशी काय देणंघेणं! म्हणून १९६० मध्ये वॉलनी ती नोकरी सोडली आणि ट्रँगलला येऊन स्वतःची प्रयोगशाळा उभी केली.

पुढचं काम वॉल आणि वाणी या जोडीचं. चिनी झाडाचं वीस किलो लाकूड आणि साल. त्यातून अर्क काढायचा, अर्काचे भाग करायचे, प्रत्येक भाग उंदरांवर तपासायचा, ज्यात जोर आहे तो घेऊन त्याचे पुन्हा भाग करायचे. असं करत करत शेवटी फिकट पिवळे सुईसारखे स्फटिक हाती येतात. जांभळ्याच्या पलीकडच्या किरणांत ते निळे चमकतात. १९६६ मध्ये त्याची रचना जाहीर झाली. नाव ठेवलं कॅम्पटोथेसिन. या जोडीने पुढे १९७१ मध्ये आणखी एक द्रव्य शोधलं, टॅक्सॉल. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर जगभर वापरलं जातं ते. एखाद्या माणसाच्या आयुष्यात यातलं एक झालं तरी पुष्कळ म्हणावं लागेल. पण टॅक्सॉलची गोष्ट सगळीकडे लिहिलेली आहे, मी इथे कॅम्पटोथेसिनला धरून राहतो, कारण माझं झाड त्याचं आहे.

कॅम्पटोथेसिनची पुढची वाटचाल सोपी नव्हती. ते पाण्यात विरघळतच नाही. शिरेतून द्यायचं कसं? म्हणून त्याचा सोडियमचा क्षार केला, तो विरघळला, आणि तो माणसांना देऊन पाहिला. विरघळवण्याच्या नादात रेणूची एक कडी उघडते आणि औषधाचा जोर बहुतांशी निघून जातो, हे नीट उमगायचं होतं. जोर कमी म्हणून मात्रा वाढवली. मूत्राशयात आम्ल वातावरण मिळाल्यावर ती कडी पुन्हा मिटायची आणि औषध भलत्या जागी जागं व्हायचं. रुग्णांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. जुलाब, पांढऱ्या पेशी खाली. १९७२ मध्ये चाचण्या थांबवल्या. संपलं प्रकरण, असं बहुतेकांना वाटलं.

आणि नेमक्या त्याच १९७२ मध्ये मुंबईत, गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात, टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी आपल्या घाण वासाच्या झुडपावरचं काम प्रसिद्ध केलं. तेव्हाचं नाव मॅपिया फीटिडा. चीनमधलं ते झाड आणि सह्याद्रीतलं हे झुडूप यांचं कूळ वेगळं, नात्यागोत्याचा पत्ता नाही, पण आत तोच रेणू! आणि तोही चिनी झाडापेक्षा जास्त. जगात कुणालाच नको असलेल्या औषधाचा भरघोस साठा आपल्या घाटात आहे, हे आपल्याला असं कळलं. वेळ बघा कशी साधली.

तेरा वर्षं तसंच पडून. मग १९८५ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कॅम्पटोथेसिन काम कसं करतं. पेशी दुभंगताना आतल्या जनुकांच्या दोरीला पीळ पडतो. सुंभाला पडतो तसाच. तो सोडवायला पेशीकडे एक विकर असतं. ते दोरीचा एक पेड कापतं, पीळ सोडतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन नेमकं कापलेल्या क्षणी त्या विकराला तिथेच अडकवून ठेवतं. पेड जोडला जात नाही, आणि भराभर दुभंगणारी पेशी त्यात मरते. दुसरं कुठलंही औषध तेव्हा या जागी काम करत नव्हतं. मग सगळ्यांना जाग आली. जपानमध्ये याकुल्ट या कंपनीने (हो, तीच, दह्याच्या छोट्या बाटल्यांची) त्यापासून पाण्यात विरघळणारं इरिनोटेकान बनवलं होतं. त्याला जपानात १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला मान्यता मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेत टोपोटेकानलाही. एक आतड्याच्या कॅन्सरवर, दुसरं अंडाशयाच्या.

ही दोन्ही औषधं कारखान्यात घडतात, पण ज्यापासून घडतात ते कॅम्पटोथेसिन झाडातूनच काढणं परवडत होतं. आणि इथून नरक्याचे दिवस फिरले.

साधा हिशोब करा. वाळल्या लाकडात-सालीत शंभर भागांत ०.१ ते ०.३ भाग द्रव्य धरलं, तर एक किलोसाठी साडेतीनशे किलोपासून एक टनापर्यंत माल लागतो. तो माल कुठून आला? कोयना, महाबळेश्वर, राधानगरी, चंदगड, आंबोली. १९९० च्या दशकात घाटातल्या गावांत कंत्राटदारांची माणसं फिरू लागली. ज्या झाडाला कुणी हात लावत नव्हतं त्याचे तुकडे पोत्यात भरून खाली जाऊ लागले. तोडणाऱ्याच्या हाती मजुरीइतके पैसे पडत. खोडावरून तोडलं तर नरक्या पुन्हा फुटतो, त्याला चांगले धुमारे येतात. पण मुळांतही माल असतो म्हटल्यावर मुळासकट खणून काढला. मुळासकट गेलेलं झाड फुटायचं कुठून? घाटातल्या संख्येत दहाएक वर्षांत निम्म्याहून अधिक घट झाल्याचा जाणकारांचा अंदाज आहे. पुढे वनखात्याने धाडी घातल्या, ट्रक पकडले, चंदगडकडच्या नरक्याच्या तस्करीच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या. मला तोडणाऱ्या माणसाचा राग येत नाही. पावसाळा संपल्यावर धनगरवाड्यावर हाताला काम नसतं. ज्याने पोत्यामागे लाखाचा माल नेला तो कधी बातमीत दिसला नाही, पकडला गेला तो टेम्पोचा ड्रायव्हर.

हे सगळं मला माहीत व्हायचं कारण माझी मावशी. शहाद्याला असायची. २०१७ मध्ये तिला आतड्याचा कॅन्सर निघाला, तोही यकृतापर्यंत पोचल्यावर. दर पंधरा दिवसांनी नाशिकला रात्रीच्या एसटीने जायचं, सलाइन लावायचं, परत यायचं. मी बरोबर असायचो. सलाइनचे तास मोठे असतात, करायला काही नसतं, म्हणून मी कागदावरची औषधांची नावं वाचायचो आणि घरी येऊन त्यांचा माग काढायचो. त्यातलं एक नाव इरिनोटेकान. माग काढत काढत मी चीनला गेलो, तिथून नॉर्थ कॅरोलायनाला, आणि तिथे एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहिलेलं, जन्म नंदुरबार. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी ती ओळ तीनदा वाचली.

दुसऱ्या खेपेला मावशीला सांगितलं. मावशी, हे जे औषध चढतंय ना, ते नंदुरबारच्या वाण्यांनी शोधलंय. ती म्हणाली, "मग तेला सांग, जुलाबाचं कायतरी कर म्हनावं." इरिनोटेकानचा तो ठरलेला त्रास आहे, आणि तिला तो फार झाला. मावशीला त्या औषधांनी सव्वा वर्ष मिळालं. त्यात तिने धाकट्या नातवाचं जावळ केलं, एकदा सारंगखेड्याच्या जत्रेला गेली, दोन उन्हाळ्यांचे पापड केले. मी औषधाची बाजू घेत नाही, जे झालं ते सांगतोय.

ती गेल्यानंतरच्या जूनमध्ये, २०१९ मध्ये, सिंधुदुर्गातल्या एका रोपवाटिकेतून मी नरक्याची पाच रोपं आणली. रानातून उपटून आणलेली नव्हेत, बियांपासून केलेली. हे विचारून घेतलं, आणि कुणी आणणार असेल तर त्यानेही विचारावं. रोप जंगलातलं उपटलेलं असेल तर पिशवीतल्या मातीवरून आणि तुटक्या सोटमुळावरून बऱ्याचदा ओळखता येतं.

आमच्या मातीत हे झाड जगवायचं म्हणजे त्याची समजूत काढावी लागते. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. नरक्याला दोन्ही चालत नाही. त्याला ओल हवी पण पाणी साचलेलं नको. म्हणून कंबरभर खोल खड्डे घेतले, तळाला विटांचे तुकडे, मग नदीची वाळू, कुजलेलं शेणखत आणि आंब्याखालचा जुना पाचोळा मिसळून भरले. जागा घराच्या उत्तरेची, जांभळाच्या सावलीतली. बाजूने केळी लावल्या, म्हणजे हवेत थोडा दमटपणा राहतो. बुडाशी उसाचं पाचट वीतभर. उसाच्या गावात त्याला तोटा नाही, एरवी लोक पेटवूनच देतात. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधायची, आणि सकाळ-संध्याकाळ पाचट ओलं करायचं. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा पानांच्या कडा करपतातच. पहिल्या उन्हाळ्यात दोन रोपं गेली. तीन राहिली. ती आता माझ्या खांद्याला लागतात. घाटात एवढ्या वर्षांत ती दुप्पट झाली असती.

बियांपासून करायचं असेल तर आणखी धीर हवा. फळ पिकल्यावर जांभळट काळं होतं, आत एकच बी. ते ताजंच पेरावं लागतं. वर्षभर डब्यात ठेवलेलं बी बहुतेक मेलेलं असतं. पेरल्यावरही उगवायला महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त. गर काढून, सावलीत सुकवून, वाळू-पाचोळ्यात पेरून विसरून जावं. रोज उकरून बघणाऱ्याचं ते काम नाही.

या झाडांची खरी कसोटी मात्र उन्हाळ्याची नव्हती. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. गल्लीतल्या एका काकांनी एकदा कुंपणापाशी थांबून विचारलं, "हाई कसानं झाड शे?" मी कौतुकाने सगळं सांगितलं, नंदुरबार, वाणी, कॅन्सरचं औषध. आठवड्याने दोन गावं पलीकडचे एक गृहस्थ दारात. बायकोला गर्भाशयाचा कॅन्सर, डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलेलं. हातात कापडी पिशवी. म्हणे थोडी पानं द्या, जमली तर साल, काढा करून देतो. पैसे घ्या म्हणाले.

मी नाही दिली. त्यांना बसवलं, चहा दिला, आणि १९७२ ची गोष्ट सांगितली. शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं, डॉक्टरांच्या देखरेखीखालचं औषध देऊनही लोकांच्या लघवीतून रक्त आलं होतं. कच्च्या सालीत द्रव्य किती ते झाडागणिक बदलतं, एकाच जंगलातल्या दोन झाडांत कितीतरी पटींचा फरक सापडतो. मूठभर साल म्हणजे किती औषध हे मलाही सांगता येणार नाही. शिवाय आज जे सलाइनमधून देतात ते या सालीतलं द्रव्य जसंच्या तसं नसतंच, त्याला बदलून माणसाला सोसेल असं केलेलं असतं. तो बदल करायलाच वीसेक वर्षं लागली. त्यांना हे सगळं पटलं असं मला वाटत नाही. पिशवी घडी करून खिशात घातली आणि निघून गेले. वहिनी पुढे महिनाभरात गेल्या असं कळलं. त्यांच्या मनात काय राहिलं असेल हे माझ्या डोक्यातून जात नाही, पण उद्या पुन्हा कुणी आलं तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. आता कुणी विचारलं तर मी आधी सांगतो, विषारी झाड आहे, शेळ्यांना लांब ठेवा. मग वाटलं तर बाकीचं.

परसात झाडं लावून नरक्या वाचेल का, असं एका मित्राने विचारलं. नाही वाचणार. तीन झाडांनी काय होतं? ज्यांनी घाटात रोपं करून शेताच्या बांधावर लावली, ज्यांनी फांद्या छाटून घ्यायच्या आणि मूळ ठेवायचं अशी तोड बसवली, त्यांचं काम मोठं. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये याच झाडाच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी काढली, जी स्वतः कॅम्पटोथेसिन बनवते. तेव्हा वाटलं होतं, झालं, आता पिपात बुरशी वाढवायची आणि जंगल मोकळं. पण झाडापासून तोडल्यावर अशा बुरशांचा उत्साह पिढीगणिक ओसरतो, हे पुढे दिसून आलं. झाडाच्या आत ती जे करते ते बाहेर करायला राजी नाही. त्यामुळे झाड लागतंच.

आणि औषध तर अजून संपलेलं नाही. कॅम्पटोथेसिनचीच वंशज असलेली द्रव्यं आता प्रतिपिंडाला बांधून थेट कॅन्सरच्या पेशीपर्यंत पोचवतात. स्तनाच्या कॅन्सरवरची अशी दोन औषधं २०१९ आणि २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. वॉल २००२ मध्ये गेले. २००० साली दोघांना कॅन्सर संशोधनाचं केटरिंग पारितोषिक मिळालं होतं, आणि २००३ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांच्या कामाला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देऊन पाटी लावली. मनसुख वाणी ११ एप्रिल २०२० ला पंचाण्णवाव्या वर्षी वारले. वर म्हटलेल्यांपैकी दुसऱ्या औषधाला मंजुरी मिळाली ती २२ एप्रिलला, म्हणजे अकरा दिवसांनी. तो लॉकडाऊनचा महिना होता. आमच्याकडे वर्तमानपत्रही येत नव्हतं, मला त्यांच्या जाण्याची बातमी कळली ती पावसाळा लागल्यावर. पाटी नॉर्थ कॅरोलायनात आहे. नंदुरबारमध्ये एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्यायला फार खर्च येऊ नये असं मला वाटतं. तसं एका ठिकाणी बोलूनही पाहिलं. समोरच्याने विचारलं, कोण वाणी, किराणावाले का?

असो. झाडांची एक गोष्ट सांगायची राहिली. नरक्यात सगळी झाडं सारखी नसतात. काहींना नुसती नरफुलं येतात, काहींना मादी, काहींना दोन्ही एकत्र. म्हणून एकच झाड लावून चालत नाही, तीन-चार तरी हवीत, म्हणजे फळ धरायची आशा. माझ्याकडे तीन आहेत आणि अजून एकालाही कळी आलेली नाही. मधल्याच्या शेंड्याला यंदा फांद्या जास्त फुटल्यात. बायको म्हणते, फुलं आली की तो वास थेट स्वयंपाकघरात येणार, खिडकी तिकडेच आहे. तेही खरंच आहे.